वरच्या खोलीचा रंग

रोहा,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. कान्हूदादा यांस,
धाकट्या पुतळीचा सा. न. वि. वि. साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. खरोखरचा घातला तर उठवायला प्रणितला हाक मारावी लागेल, आणि तो धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आत्ताच झोपलाय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. मागच्या फोनवर मी तुला विचारलं होतं की ताप उतरला का. तू सांगत होतास की वाढलाय, आणि मी म्हणत होते, छान छान. हे मला नंतर प्रणितने सांगितलं. माझ्या कानांचं असं आहे. तेव्हा यापुढे आपलं टपालच बरं. पत्रात निदान मला तुझं सगळं ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. सोळा फेब्रुवारीला लग्न. गडब गावची मनस्वी सून म्हणून येणार, तिच्या-प्रणितसाठी गच्चीवरची खोली बांधून झाली, प्लास्टर सुकलं. आता बाहेरची खोली, स्वयंपाकघर, माझी खोली आणि वरची नवी खोली, चारही रंगवून घ्यायच्या आहेत. रंगारी खलील. चौदा वर्षं मस्कतला बंगले रंगवून परत आला, हात साफ आणि बोलणं कमी. त्याने दुकानातून रंगांचं पुस्तक आणून दिलं. दादा, त्यात नुसते पांढरेच अठ्ठावीस आहेत. मला इतके दिवस वाटत होतं पांढरा म्हणजे पांढरा.

मी म्हटलं, भिंतीवर हातभर पट्टा मारून बघू. मग दुसरा. आता बाहेरच्या भिंतीवर अकरा पट्टे आहेत आणि बाराव्याला खलील ब्रश घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची सहनशक्ती बघून मलाच लाज वाटते. टपालवाल्याने विचारलं, काकी, बालवाडी काढता काय? प्रणितला विचारावं तर तो म्हणतो, कुठलाही लाव, मी घरात असतो तेव्हा माझे डोळे मिटलेले असतात. मनस्वीला विचारलं तर ती म्हणाली, तुम्हाला आवडेल तो. लग्नाआधी होणारी सून दुसरं काय म्हणणार!

म्हणून तुला लिहिते. चाळीस वर्षं तू गणपतीला रंग देतोस. खलीलला मी ऐकवून ठेवलंय की माझा भाऊ पेणच्या कारखान्यातला सगळ्यात जुना रंगकाम करणारा आहे, तो सांगेल तोच रंग लागेल. तेव्हा माझी अब्रू आता तुझ्या हातात आहे.

माया आहे तेवढी असू दे, थोडी वाढली तरी मला जड होणार नाही.

तुझी,
पुतळी


पेण,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. पुतळीस,
अनेक उ. आ. आशीर्वाद सढळ हाताने पाठवतो आहे. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात ते घेणारं कुणी उरलेलं नाही, साठा बराच झालाय.

अकरा पट्ट्यांचं वाचून हसलो. पण मी कुठल्या तोंडाने हसणार? माझं घर शेवटचं रंगवलं तेव्हा प्रणित चौथीत होता. लोकांच्या देवांना पीतांबर नेसवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या भिंतीला पोपडे सुटलेत. कुणी आलं की मी सांगतो, जुन्या घराची शान आहे. लोक मान हलवतात आणि पोपडा पडणार नाही अशा जागी खुर्ची सरकवतात.

मला यायला जमणार नाही. परदेशी जायच्या मूर्ती याच दिवसांत रंगवून पेटीत भरायच्या असतात आणि कारखाना चालवणाऱ्या मिथुनला माझ्याशिवाय एक दिवस निघत नाही, असं निदान मी समजतो. म्हणून सोबत चार पुठ्ठे पाठवतो. चारही रंग मी स्वतः कालवलेत. बाहेरच्या खोलीला दुधावरची साय. स्वयंपाकघराला फणसाच्या गऱ्याचा. तुझ्या खोलीला कोवळा पोपटी. वरच्या खोलीला गुलाबी. हा गुलाबी नीट बघ. कमळाच्या आतल्या पाकळीचा असतो तो. मी गणपतीच्या शेल्याला हाच देतो आणि पेणमध्ये तो दुसऱ्या कुणाला जमत नाही. असं लोक म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही. खलीलला सांग, पुठ्ठा भिंतीला लावून तंतोतंत जुळवायचा, आपली अक्कल घालायची नाही.

बाकी सगळं बिघडत चाललंय. रंगाच्या कंपन्या भेसळ करतात, पिवळा पूर्वीसारखा उमलत नाही. मिथुनने स्वस्तातल्या ट्यूब लावल्यात, दुपारीही उजेड मळकट. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात. एक मात्र चांगलं झालंय. संध्याकाळी सायकलवरून येताना प्रत्येक दिव्याभोवती मला प्रभावळ दिसते. इतकी वर्षं देवांच्या सहवासात काढली, तेवढं पुण्य पदरात पडायचंच.

रंग लागले की कळव. कौतुक सविस्तर लिहिलंस तरी मी संकोचणार नाही.

तुझा,
कान्हू


रोहा,
२ डिसेंबर २०२४

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि. तुझे पुठ्ठे मिळाले. चारही खोल्या रंगवून झाल्या. छान दिसतात.

गुडघा बरा आहे. प्रणितला दिवसपाळी मिळाली. पत्रिका छापायला टाकल्या.

दिव्यांभोवतीची प्रभावळ अजून दिसते का, ते कळव. आणि संध्याकाळी सायकल चालवू नकोस, हातात धरून चालत ये.

लोभ असू दे, आत्ता त्याची मला जरा जास्तच गरज आहे.

पुतळी


रोहा,
२ डिसेंबर २०२४

चि. मिथुन यास,
पुतळीआत्याचे अ. आ. हे पत्र कान्हूदादाला दाखवू नकोस. तू त्याला काका म्हणतोस आणि तो तुझ्या वडिलांच्या वेळेपासून तुमच्या कारखान्यात आहे, म्हणून तुलाच विचारते. प्रणितला मी यात घेतलेलं नाही, तो सरळ मामाला फोन लावेल.

दादाने रंगांचे चार पुठ्ठे पाठवले. आमच्या खलीलने ते खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि मला दोनदा विचारलं की हे तुमच्या भावानेच केलेत ना? मी त्याच्यावर चिडले. बाकीच्या तीन खोल्यांत त्याने मला न सांगता आपल्या परीने सांभाळून घेतलं, हे मला आता कळतंय. पण वरच्या खोलीच्या वेळी मी स्वतः पुठ्ठा घेऊन त्याच्या मागे उभी राहिले. जुळला असं मी म्हणेपर्यंत त्याला कालवायला लावला. दादाने पुठ्ठ्यामागे लिहिलं होतं 'गुलाबी'. खोली जांभळी झाली आहे. फिकट वगैरे नव्हे, जांभळं खाऊन जीभ होते तशी.

दुसरा हात झाला तेव्हा खलील खाली आला, ब्रश बादलीत ठेवला आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "काकी, रंगात चूक नाय. बघणाऱ्याच्या डोळ्यात काय तरी हाय." त्याच्या आईचं, जमिलाचं, असंच झालं होतं. निळ्या चादरीला ती राखाडी म्हणून भांडायची. मोतीबिंदू काढल्यावर दिसायला लागलं.

तेव्हा खरं काय ते मला लिही. त्याचं काम कसं चाललंय? फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि मी छान छान म्हणेन.

तुझी,
पुतळीआत्या


पेण,
८ डिसेंबर २०२४

ती. आत्या,
नमस्कार. दहावीच्या पेपरनंतर पत्र लिहिलेलं नाही. वर 'विषय' लिहायचा असतो का ते आठवेना, म्हणून ऑर्डर बुकाच्या मागे सरळ लिहितो.

खलीलभाई म्हणतात ते बरोबर आहे. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा एका मोठ्या मंडळाच्या मूर्तीचा शेला काकांनी जांभळा केला आणि मला म्हणाले, बघ, कसा गुलाबी उतरलाय. मला वाटलं गंमत करतात, मी हसलो. काकाही हसले, पण ते आनंदाने. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून काका जेवायला घरी गेले की आम्ही त्यांच्या कामावरून दुसरा हात मारतो. एकदा वेळच मिळाला नाही आणि गिऱ्हाईक दारात. मी ठोकून दिलं की ही नवी फॅशन आहे. पुढच्या वर्षी तिघांनी मुद्दाम जांभळा शेला मागितला. आता आमच्या धंद्यात मला फॅशनमधलं कळतं असं समजतात.

डोळ्यांची आखणी मात्र अजून काकाच करतात. पांढऱ्यावर काळी रेघ, ती त्यांना दिसते की हाताला पाठ आहे, देव जाणे. पण हात हलत नाही.

आत्या, मला ब्रश धरायला काकांनी शिकवलं, माझी बोटं आपल्या बोटांत धरून. त्यांना 'चुकलात' म्हणायला माझी जीभ वळत नाही. कारखान्यात पंधरा माणसं आहेत, पंधराही जणांची वळत नाही. तुम्ही बहीण आहात. तुम्हाला जमलं तर बघा. आमचं नाव नाही घेतलंत तर उपकार होतील.

मिथुन


रोहा,
१३ डिसेंबर २०२४

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिलं फाडलं कारण त्यात थापा होत्या, दुसरं फाडलं कारण त्यात नुसतं रडणं होतं.

मागच्या पत्रात खोल्या छान दिसतात असं लिहिलं ते खोटं. वरची खोली जांभळी झाली आहे. खलीलने चूक केली नाही. तुझ्या पुठ्ठ्याशी तो रंग तंतोतंत जुळतो, मी चष्मा लावून जुळवलाय.

गेल्या रविवारी मनस्वीचे आईवडील खोली बघायला आले. मी त्यांना वर बसवलं, पोहे दिले. तिच्या वडिलांचा पांढरा शर्ट जांभळा, पोहे जांभळे, तिच्या आईचं तोंड तर असं दिसत होतं की पाणी द्यावं की डॉक्टरला बोलवावं. बिचारीने फार जपून विचारलं, हा खालचा हात असेल ना, वरून रंग यायचा असेल? मी म्हटलं, हो हो, अजून यायचाय. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि पोहे खाल्ले.

आता माझी लाज सांगते. पाकीट उघडलं तेव्हाच मला दिसलं होतं की पुठ्ठा जांभळा आहे. मागे तुझ्या अक्षरात 'गुलाबी' होतं. मी स्वतःला सांगितलं, कलाकाराचा गुलाबी असाच असणार, आपल्याला काय कळतं. कारण मी वर्षभर साऱ्या गल्लीला तुझी कीर्ती ऐकवलेली. ती खोटी पडण्यापेक्षा मी मुलाची खोली जांभळी करून घेतली. तुझ्या हातून झाली ती चूक होती. माझा निव्वळ तोरा होता.

दादा, तुझे डोळे दाखव. मोतीबिंदू असेल. दिव्याभोवतीची प्रभावळ पुण्याची नाही रे. खलीलच्या आईलाही दिसायची, आणि आता ती सुईत दोरा ओवते. मला माहीत आहे तुला कशाची भीती आहे. रंग गेला तर माझं काय राहिलं, असं तुला वाटत असणार. मलाही तीच भीती होती, म्हणूनच अकरा दिवस गप्प बसले.

तू म्हणशील, आधी आपले कान बघ. बघते. ज्या दिवशी तू डोळे दाखवशील त्या दिवशी मी कान दाखवीन. प्रणित तीन वर्षं मागे लागलाय, त्याला मी सांगायचे की मला ऐकण्यासारखं कुणी बोलतच नाही.

रागावलास तरी पत्र लिही. लोभ आज कमी झाला तर चालेल, पण सगळा काढून घेऊ नकोस.

पुतळी


पेण,
१८ डिसेंबर २०२४

पुतळीस आ.
तुझ्या घरातल्या ट्यूब बदल. वाळवंटात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला गुलाबी कसा कळणार? माझ्या रंगाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. मिथुनला विचार. कारखान्यात कुणालाही विचार.

माझे डोळे उत्तम आहेत.

कान्हू

२१ डिसेंबर

वरचं पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत जाऊन परत आलो. दोन दिवस ते खुंटीवरच्या पिशवीत होतं.

काल दुपारी घरातल्या रंगाच्या सात बाटल्या काढल्या. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवला, बाटल्या अंगणात उन्हात मांडल्या आणि डोळे मिटून त्यांच्या जागा बदलल्या. मग एकेक रंग हातावर लावायचा, नाव घ्यायचं आणि कागद काढायचा. काळा म्हटला तो निळा निघाला. गुलाबी म्हटला तो जांभळा निघाला. मग मी जांभळा म्हणून एक दाखवला, ती विटकरी होती. सातातले तीन बरोबर आले, त्यातला एक पांढरा आणि एक मी बाटलीच्या पोच्यावरून ओळखला.

बराच वेळ तसाच अंगणात बसून राहिलो. चाळीस वर्षांचा कलावंत, कोपरापर्यंत सात रंग, आणि समोर शेजारची कोंबडी. तिला बहुतेक दिसत होते.

डोळे दाखवतो. खलीलबद्दल लिहिलं ते खोडलं असं समज. मला याबद्दल अजून काही विचारू नकोस.

तुझा,
कान्हू


पेण,
१४ जानेवारी २०२५

चि. पुतळीस,
अ. उ. आ. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सात तारखेला झालं. मोतीबिंदू दोन्हीकडे होता. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, तुम्ही काम काय करता? रंगकाम, म्हटल्यावर त्यांनी मान खाली घालून कागदावर तेवढंच लिहिलं. फार सभ्य माणूस.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली. निळी. पुतळे, एवढा निळा मी किती वर्षांत पाहिला नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, समोर बघा, आणि मी आपला बादलीकडे बघतोय. डाव्या डोळ्याने बघितलं की सगळं चहात बुडवून काढल्यासारखं, उजव्याने बघितलं की धुतलेलं. घरी येईपर्यंत मी गाडीत आलटून पालटून एकेक डोळा मिटत होतो. मिथुन गाडी चालवत होता, त्याला वाटलं मी त्याला डोळा मारतोय.

घरी आल्यावर माझे बनियन बघितले. लोकांनी आजवर मला घरात घेतलं, हा त्यांचा मोठेपणा.

मग परवा कारखान्यात गेलो. काम करायला अजून परवानगी नाही, नुसता मिरवायला. मागच्या मोसमातल्या काही मूर्ती वरच्या फळीवर आहेत. माझ्या हातच्या. एक खाली घेतली. शेला सुरेख गुलाबी होता. मनाशी म्हटलं, एवढं काही बिघडलं नव्हतं. मग घडीच्या आत बघितलं, जिथे ब्रश सहज पोचत नाही. आत जांभळा होता. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांच्या घडीत माझा जांभळा आणि वर दुसऱ्या कुणाचा तरी गुलाबी. दोन वर्षं ही पोरं माझ्यामागून माझं काम पुसत होती, आणि मी संध्याकाळी त्यांना रंगावर व्याख्यान देत होतो. ते ऐकून घ्यायचे. पुतळे, मला त्यांच्या ऐकून घेण्याची जास्त लाज वाटली.

मी मिथुनला सांगितलं की उद्यापासून येत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "काका, रंग आम्ही बदलला. देवाचे डोळे तुमचेच हायत. त्यांना कुणी हात लावला नाय." मी घरी आलो.

आता घरात बसून आहे. हात सरळ आहे, डोळा नवा आहे, पण ब्रश उचलावासा वाटत नाही. तुला हे आधीपासून माहीत होतं का? उत्तर लिहू नकोस, मला ते कळलंय.

लोभ करण्यासारखं माझ्यात काय उरलंय ते तूच शोध, आणि सापडलं तर कर.

तुझा,
कान्हू


रोहा,
२९ जानेवारी २०२५

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि. सव्वीस तारखेला तू येऊन गेलास आणि घर भरल्यासारखं वाटलं. तू असताना बोलायला जमलं नाही ते लिहिते. समोरासमोर आपल्याला फक्त भांडता येतं.

कानाचं मशीन बसवून आठ दिवस झाले होते. पहिल्यांदा कळलं की खलील कमी बोलणारा नाही, तो दिवसभर गुणगुणत असतो. प्रणित घोरतो. शेजारीण मैना माझ्याविषयी बरंच काही बोलते आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

तू वरच्या खोलीत एकटा गेलास आणि दार लोटून घेतलंस, तेव्हा मी चहा घेऊन जिन्यात उभी होते. तुला वाटलं असेल, हिला कुठे ऐकू येतं. दादा, मला ऐकू आलं. वहिनीच्या वेळीसुद्धा तू रडला नव्हतास. मी वर आले नाही. आपण दोघं तिथे बसून रडलो असतो तर ती भिंत लग्नापर्यंत वाळली नसती. चहा मीच पिऊन टाकला.

मग तू खाली आलास आणि खलीलला म्हणालास, तुमचा हात चांगला आहे, माझा पुठ्ठा वाईट होता. तो एवढा अवघडला की रिकाम्या डब्यात ब्रश बुडवत बसला. तू निघून गेल्यावर मला म्हणाला, मस्कतमध्ये शेठ लोकांनी चौदा वर्षांत एकदा असं म्हटलं असतं तर तिथेच राहिलो असतो.

जाताना तू मला म्हणालास, जी राहणार आहे तिला विचार. मी मनस्वीला बोलावून घेतलं. या खेपेला 'तुम्हाला आवडेल तो' चालणार नाही असं बजावलं. ती जराही अडखळली नाही. म्हणाली, तांदूळ धुतल्यावर पहिलं पाणी निघतं ना, त्या रंगाची खोली हवी, मी ती दिवाळीपासून मनात धरून होते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, कुणी खरंच विचारत नव्हतं. खलीलने दहा मिनिटांत कालवला. मी अकरा पट्ट्यांत जे केलं नाही ते या मुलीने एका वाक्यात केलं. खोली आता शांत दिसते. जांभळा झाकायला तीन हात लागले, तुझा रंग दमदार होता एवढं म्हणायला हरकत नाही.

मिथुनचं मला माहीत होतं. लपवलं, चुकले. तू उत्तर नको म्हणालास तरी लिहिलं. पण दादा, काम सोडायचं तर सोड, सोडायच्या आधी त्याच्यासमोर बस आणि त्याने काय काय झाकलं ते सगळं त्याच्या तोंडून ऐक. त्यालाही ते ओझं आहे.

लग्नाला चार दिवस आधी ये. लोभ मोजायचा नसतो, पण आलास तर मी मोजून घेईन.

तुझी,
पुतळी


पेण,
२४ मार्च २०२५

चि. पुतळीस,
अ. उ. आ., आणि त्यातले निम्मे मनस्वीला पोचते कर. लग्नात मी कुणालाही कसल्याही रंगाबद्दल सल्ला दिला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मनस्वीच्या आईने विचारलं, मामा, हे लुगडं कसं दिसतं? मी म्हटलं, विणलंय छान.

डावा डोळाही झाला. डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली आणि मी तुझं ऐकलं. मिथुनला घरी जेवायला बोलावलं, पोपडे पडत नाहीत अशा जागी बसवलं आणि सांगितलं, सगळं सांग. तो तासभर सांगत होता. मूर्तींचा आकडा मी धरला होता त्याच्या दुप्पट निघाला. मग मी म्हटलं, मी परत येईन, पण एका अटीवर. माझं चुकलं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगायचं. त्याने खाली मान घालून कबूल केलं.

आणि दहा दिवस एक अक्षर बोलला नाही. जे करीन ते छान. मी मुद्दाम एका उंदराला हिरवे कान दिले. मिथुन म्हणाला, वेगळं वाटतं. मला घरी येऊन झोप येईना. वाटलं, आता हे मला देव करून फळीवरच ठेवणार.

काल एका मोठ्या मूर्तीचा शेला घेतला होता. नव्या डोळ्यांना निळा फार भडक दिसतो, त्या धास्तीने मी तो वापरलाच नाही आणि गुलाबीचा सगळा तांबूस विटकरी झाला. मला ते कळलं नाही. मिथुन मागे येऊन उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, खाकरला, निघाला, परत आला. मग जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "काका, हा शेला पुसा."

पंधराच्या पंधरा ब्रश थांबले. मिथुनचे कान लाल झालेले मला आरशासारखे स्वच्छ दिसत होते. मी फडकं ओलं केलं आणि रंग ओला होता तोवर सगळा शेला पुसून काढला. पुन्हा कालवला, निळा थेंबभर घातला, पुठ्ठ्यावर लावून मिथुनपुढे धरला. त्याने बघितला, अजून थोडा म्हणाला. मी अजून थोडा घातला. तो बरोबर म्हणाला नाही की छान म्हणाला नाही, पुढच्या माणसाचं काम बघायला निघून गेला, आणि कारखाना परत सुरू झाला.

मी शेला रंगवायला घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कामावर आहे.

लोभ करतेसच. आता माझं काही चुकलं तर पत्राची वाट बघू नकोस, फोन कर. तुला ऐकू येतं म्हणतात.

तुझा,
कान्हू